यंत्रमानवांच्या स्पर्धा आणि गुणांचा न्याय

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



यंत्रमानवाविषयी विज्ञान शिक्षकांनी बोलावे, कला शाखेच्या पदवीधराने बोलू नये, असे आपणांपैकी काहींना वाटत असेल. परंतु मला यंत्राविषयी बोलायचेच नाही. मला फळ्यावरच्या गुणतक्त्याविषयी बोलायचे आहे. २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आली, तेव्हापासून सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती मोटारी आणि सेन्सर येऊ लागले. प्रयोगशाळा आली की स्पर्धा आलीच. यंत्र कसे बांधावे हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. क्रमांक कसा लावावा, हा विचार मात्र बहुधा स्पर्धेच्या आदल्या रात्री होतो, आणि रडतात ती मुले दुसऱ्या दिवशी.

या बाबतीत अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या संस्थेचा अनुभव पाहण्याजोगा आहे. डीन केमन यांनी ती १९८९ साली स्थापन केली व १९९२ साली पहिली स्पर्धा भरविली. तिच्या मोठ्या मुलांच्या स्पर्धेत एका बाजूला तीन संघांचे तीन यंत्रमानव असतात, समोर तीन. सामना साधारण अडीच मिनिटांचा. सोबती दर सामन्याला बदलतात आणि ते संगणकाने काढलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मिळतात. प्राथमिक फेरी संपली की वरच्या क्रमांकाचे संघ कर्णधार होऊन पुढच्या फेरीसाठी आपले सोबती निवडतात. म्हणजे क्रमांक हा नुसता मानाचा नाही, निवडीचा अधिकार त्यावर अवलंबून आहे.

आता हिशेब करा. ४० संघ आले आणि प्रत्येकाला १२ सामने मिळाले, तर एकंदर ८० सामने होतात. प्रत्येक संघाला फार तर २४ वेगवेगळे सोबती मिळतील. इतर संघ तर ३९ आहेत! एखाद्याच्या वाट्याला चार वेळा उत्तम सोबती येतील, तर दुसऱ्याच्या वाट्याला चार वेळा जागच्या जागी बंद पडलेले यंत्र येईल. केवळ जय-पराजय मोजला तर त्या दुसऱ्या मुलाला आपण त्याच्या कामाचे नव्हे, त्याच्या नशिबाचे गुण देत असतो.

हे दूर करण्यासाठी नाना उपाय झाले. २०१० साली फुटबॉलसारखा खेळ होता. त्या वर्षी नियम असा केला की, जिंकणाऱ्याला स्वतःचे गुण अधिक हरणाऱ्याच्या गुणांची दुप्पट मिळावी आणि हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचे गुण मिळावेत. हेतू चांगला होता : प्रतिस्पर्ध्याला चिरडू नका. पण मुले आपल्यापेक्षा हुशार असतात. (दंड वगैरे सोडून देऊ.) समजा सामना ६-३ असा संपणार आहे. जिंकणाऱ्याला ६ अधिक ६, म्हणजे १२, हरणाऱ्याला ६. आता हरणाऱ्या बाजूने स्वतः गोल न करता तेच तीन चेंडू समोरच्यांच्या बाजूने घातले, तर निकाल ९-० होतो आणि दोघांनाही ९! दुबळ्याचे तीन वाढले, सबळाचे तीन कमी झाले. सहाही यंत्रे एकाच बाजूने खेळण्याचा प्रकार त्या वर्षी खरोखर झाला, आणि प्रेक्षकांना हा कोणता खेळ ते कळेना. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीतील चार जोड्यांना जाणूनबुजून हरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल बाद केले गेले. तिथेही हरण्यातच फायदा दिसावा अशी गटांची रचना होती. खेळाडूंना दोष द्यावा, परंतु नियम करणाऱ्यालाही थोडा द्यावा, असे माझे मत आहे.

त्याच २०१२ साली फर्स्टच्या खेळात मध्ये एक पूल होता. दोन्ही बाजूंच्या यंत्रांनी मिळून तो तोलला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन गुण, आणि सामना जिंकण्याचेही दोनच. सहकार्याला विजयाइतके मोल देणे मला मनापासून आवडले असते. पण मग पूल साधून सामना हरलेला आणि पुलाविना सामना जिंकलेला असे दोघे सारखेच ठरतात. २०१५ साली जय-पराजय सोडूनच दिला आणि सरासरी गुणांवर क्रमांक लावले.

२०१६ पासून जी पद्धत आली ती मला अधिक समंजस वाटते. खेळ किल्ला सर करण्याचा होता. विजयाचे दोन गुण, बरोबरीचा एक. शिवाय तटबंदी फोडली तर एक आणि बुरूज जिंकला तर एक, मग सामना हरला तरी चालेल. तटबंदीचे बरेचसे काम एका कसबी यंत्राला एकट्याने करता येई, म्हणून वाईट सोबती मिळालेल्या मुलाला काहीतरी हाती लागे. बुरुजाला मात्र तिन्ही यंत्रे लागत. फरक लहान दिसतो, पण सारे त्यातच आहे. सर्वच बोनस तिघांवर अवलंबून ठेवले तर नशीब मागच्या दाराने परत येते. २०२४ साली आणखी एक चांगली युक्ती होती : दोन्ही बाजूंनी ठरलेल्या वेळेत सहकार्याची खूण दिली, तर प्रादेशिक स्पर्धांत १८ ऐवजी १५ कड्यांवरच बोनस मिळे. सहकार्याने गुण फुकट मिळत नाही, वाट सोपी होते. २०२५ साली विजयाचे गुण तीन केले. बोनसही तीन ठेवले.

लहान मुलांसाठी पद्धत निराळी हवी. फर्स्टच्याच लेगो लीगमध्ये तीन फेऱ्यांपैकी उत्तम तेवढी धरतात. व्हेक्स आयक्यू या स्पर्धेत दर चार सामन्यांमागे सर्वांत कमी गुणांचा एक सामना वगळतात. बॅटरी उतरली, तार निसटली, एवढ्यावरून दहा वर्षांच्या मुलाचा दिवस जाऊ नये. माझा कल वगळण्याकडे आहे. कारण ‘उत्तम तेवढे’ धरले की एकदाच लागलेला तुक्काही पहिला येऊ शकतो.

आपल्या आंतरशालेय स्पर्धांसाठी माझे म्हणणे थोडके आहे. आपल्याकडे दहा-बारा संघ येतात, काही शाळांत चाळीस मुलांत एकच किट असते. तेव्हा प्रत्येक संघाला सामने सारखे मिळोत. भागाकार जुळत नसेल तर जादा खेळणाऱ्याचा तो सामना त्याच्या खात्यात धरू नये. निदान एक बोनस असा असावा की तो साध्या यंत्रालाही एकट्याने मिळविता येईल. हरणाऱ्याला कोणत्याही वाटेने जिंकणाऱ्याइतके गुण मिळू शकतात का, हे कागदावर तपासावे. त्यासाठी आठवीच्या दोन चलाख मुलांना नियम द्यावेत आणि पळवाट शोधा म्हणून सांगावे. एका तासात सापडेल. आणि बरोबरी झाली तर काय, हे स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी लिहून प्रत्येक शाळेला पाठवावे. पाहुण्यांच्या खुर्चीजवळ उभे राहून ऐन वेळी ठरवू नये.