खाणीतलं पाणी आणि शिकवणारा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोळसा म्हटला की आपल्याला आग आठवते. पण जमिनीखाली उतरणाऱ्या कामगाराला विचारा, त्याला आगीइतकीच धास्ती पाण्याची असते. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेलं पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. 1979 चा 'काला पत्थर' हा चित्रपट या दुर्घटनेवरूनच सुचलेला. आजही पाण्यानं भरलेल्या जुन्या खोदकामापासून 60 मीटरच्या आत जायचं तर आधी लेखी परवानगी लागते, ती यासाठीच.

म्हणून खाणीची भाषा पाण्याला शत्रू मानते. 'डीवॉटरिंग' हा तिथला रोजचा शब्द. म्हणजे पाणी काढून टाकणं. शब्दांत वावरणारा माणूस म्हणून मी या शब्दापाशी जरा थांबतो. काढलं हे ठीक, पण टाकलं कुठे? हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही, आणि बऱ्याचदा शिकवण्यातही येत नाही.

खाणकामगारांच्या प्रशिक्षणासाठी आपल्याकडे 1966 पासून नियम आहेत. नव्या कामगाराला आधी शिकवायचं आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा उजळणी घ्यायची. आमच्या विदर्भातल्या कोळसापट्ट्यात अशा केंद्राला सगळे 'व्हीटीसी' म्हणतात. तिथं शिकवणारा माणूस पाण्यापासून जीव कसा वाचवायचा हे सांगतो. ते पहिलं आहेच. पण पाणी कसं वाचवायचं, हे त्यानं सांगायचं असेल तर आधी त्याला कोणी तरी शिकवायला हवं. आजचा माझा विषय तोच आहे.

काय शिकवायचं? सुरुवात साध्या हिशेबानं करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. खुल्या खाणीचा खड्डा 100 हेक्टरचा असेल आणि एका रात्रीत 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यात 10 कोटी लिटर पाणी उतरतं. हा आकडा फळ्यावर मांडला की पंप खलाशाला आपल्या पंपाचं मोल कळतं. शिवाय खड्ड्याभोवती नीट चर खणून बाहेरचं पावसाचं पाणी आत येण्याआधीच वळवणं किती स्वस्त पडतं, हेही कळतं. स्वच्छ पाणी घाण होऊ न देणं हा यातला पहिला धडा.

दुसरा धडा रंगाचा आणि चवीचा. कोळशातल्या गंधकाच्या खनिजाला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की आम्ल तयार होतं. असं पाणी पंपाचं लोखंड खातं आणि नाल्यातली मासोळी मारतं. काही ठिकाणी चुना टाकून ते सुधारावं लागतं. गढूळ पाणी टाक्यांत थांबवून गाळ खाली बसू द्यावा लागतो. कोळसा खाणींसाठी 2000 साली ठरलेल्या मानकांप्रमाणे बाहेर सोडायच्या एक लिटर पाण्यात तरंगता गाळ 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि पीएच साडेपाच ते नऊच्या दरम्यान हवा. हे कागदावर असतं. बाटलीत पाणी भरून तपासायला पाठवणारा हात मात्र कामगाराचा असतो. नमुना कुठून घ्यायचा, कधी घ्यायचा, हे त्याला कळलं नाही तर तो कागद कोराच समजा.

तिसरा धडा कुंपणाबाहेरचा आहे. खड्डा खोल गेला की आसपासच्या विहिरींचं पाणी त्याच्याकडे ओढलं जाऊ शकतं. म्हणून शिकवणाऱ्यांना वर्गात बसवून भागणार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर टेप घेऊन त्यांना शेजारच्या गावातल्या विहिरींवर न्यायला हवं. शेतकरी काय सांगतो ते उभं राहून ऐकायला लावायला हवं.

या पाण्याचा उपयोग होऊ शकतो, हे वेस्टर्न कोलफिल्ड्सनं दाखवलं आहे. नागपूरजवळच्या पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून गेल्या दशकात 'कोल नीर' नावानं बाटल्यांत भरलं गेलं. पण बाटली हा फार तर नमुना झाला. खरी परीक्षा गावच्या विहिरीत आणि नाल्यात होते.

आणि शिकवायचं कोणत्या भाषेत? आमच्या खाणीत मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी, गोंडी, सगळ्या बोली एकत्र नांदतात. 'ॲसिड माइन ड्रेनेज' म्हटलं की वर्ग झोपतो. 'पंपाची जाळी गंजून का पडते?' असं विचारलं की मागच्या बाकावरचा म्हातारा पंप खलाशी बोलायला लागतो. त्याला बोलतं करणं, त्याचं ऐकणं आणि मग त्यात आपलं शास्त्र मिसळणं, ही शिक्षकाची खरी तयारी. कंत्राटी कामगारालाही त्याच वर्गात बसवायला हवं, कारण पाणी हजेरीपट पाहून येत नाही.

आम्हाला घरी लहानपणी वजू करतानाच शिकवलं जायचं की, वाहत्या नदीकाठी असलास तरी पाणी वाया घालवू नकोस. अशी शिकवण सगळ्यांच्याच घरांत असते. कामगार ती घेऊनच खाणीत येतो. ती कामावर वापरायची कशी, तेवढं त्याला दाखवणारा माणूस प्रत्येक खाणीवर हवा. असा माणूस घडवायला फार पैसा लागत नाही. ठरवावं मात्र लागतं.