कागद कोणाचा, छायाचित्र कोणाचे?

शिरूर येथे, शिरूर व दौंड तालुक्यांतील इतिहासाची आवड असलेल्या शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.



आपल्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या शिक्षकाची मुख्य अडचण कोणती, असे विचारले की ‘मोडी येत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ते खरे आहे, पण अर्धेच. मोडी शिकता येते. आपल्यापैकी काहींनी ती शिकूनही घेतली आहे. खरी अडचण पुढे येते. कागद सापडतो, त्याचे वाचनही होते आणि त्याचे छायाचित्र आपल्या पुस्तिकेत छापावे असे मनात आले, की संग्रहाच्या टेबलावरून एक छापील अर्ज पुढे सरकतो. छायाचित्राचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील; दर छायाचित्रामागे प्रकाशनशुल्क भरावे लागेल; आणि छापण्यापूर्वी मजकूर संस्थेला दाखवून संमती घ्यावी लागेल. असा एक अर्ज माझ्याजवळ आहे. संस्थेचे नाव घेत नाही, कारण रोग एका संस्थेपुरता नाही. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने लिहिलेल्या हिशेबाच्या पानावर आज हा हक्क कोठून उत्पन्न झाला, एवढाच माझा प्रश्न आहे.

येथे तीन गोष्टींची गल्लत केली जाते. कागद ही एक वस्तू आहे, त्यावरचा मजकूर ही दुसरी आणि त्या पानाचे छायाचित्र ही तिसरी. कागदाची मालकी संस्थेची असेल, याविषयी वाद नाही. 1972 चा पुरावस्तूविषयक कायदा 75 वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला पुरावस्तू मानतो. ते जपणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. परंतु कागदाच्या मालकीतून मजकुराची मालकी निघत नाही. आपल्याला आलेल्या पत्राचा कागद आपला असतो, त्यातील लेखनावरचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, हे कोणताही वकील सांगेल.

मग मजकुरावरचा हक्क कोणाचा? अठराव्या शतकात या देशात कॉपीराइटचा कायदाच नव्हता. कंपनी सरकारने तो प्रथम 1847 साली केला. तेव्हा पेशवाईतील ताळेबंद, झडत्या, प्रांत-अजमास यांवर स्वामित्वहक्क सांगणे हे ज्या खात्यात कधी रक्कमच जमा नव्हती त्यावर हुंडी काढण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अप्रकाशित पत्रांची गोष्ट थोडी अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. आपला 1957 चा कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतो, म्हणजे जे छापलेच नाही त्याची मुदत संपतच नाही! पण याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमात त्यावर उतारा आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात वा तशा संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची प्रत संशोधनासाठी, खासगी अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने करणे हा हक्कभंग नव्हे. लेखक कोण हे संस्थेला ठाऊक असेल, तर त्याच्या मृत्यूला 60 वर्षे झालेली असावीत, एवढीच अट. ‘प्रकाशनाच्या हेतूने’ हे शब्द कायद्यातच आहेत. अर्ज छापणाऱ्यांनी ते वाचलेले दिसत नाहीत.

उरले छायाचित्र. पान सपाट ठेवून, त्यात काहीही न मिळवता, जसेच्या तसे टिपलेले चित्र ही नवी कलाकृती आहे काय? 2007 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींच्या खटल्यात, नुसते श्रम व भांडवल खर्ची पडले म्हणून स्वामित्वहक्क निर्माण होत नाही, काही किमान सर्जनशीलता लागते, असे तत्त्व सांगितले. झेरॉक्सच्या यंत्राला ज्यात सर्जनशीलता दाखवता येत नाही, त्यात कॅमेऱ्याला ती कशी दाखवता येईल? युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात, मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतीच्या निव्वळ प्रतीवर नवा हक्क चालणार नाही, असे स्पष्ट केले. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातील जुन्या चित्रांच्या प्रतिमा त्याआधीच जगाला मोकळ्या केल्या होत्या. त्यामुळे ते संग्रहालय ओस पडल्याचे ऐकिवात नाही.

आता हा प्रश्न या तालुक्यांत येऊन का मांडायचा? कारण कागद एकाच्या हाती राहिला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्रात या मुलखाइतके कोणाला ठाऊक नसेल. 1874 च्या अखेरीस आपल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पाहता पाहता गावोगाव पसरला. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा खतांवर, रोख्यांवर, वह्यांवर होता. ते कागद त्यांनी मागितले आणि जाळले. ज्याला वाचता येत नाही, ज्याची प्रत आपल्याजवळ नाही आणि ज्यावर आपली निशाणी आहे, असा तो कागद होता. 1879 च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने पुढे कुळाला काय दिले? पावतीचा हक्क, हिशेबाच्या वार्षिक उताऱ्याचा हक्क, आणि रोख्यामागचा व्यवहार न्यायालयाने उकलून पाहण्याची तरतूद. म्हणजे प्रत मिळणे हा भाकरीचा प्रश्न आहे, हे परक्या सरकारलाही दंगा झाल्यावर का होईना, कळले.

दप्तराचा इतिहासही असाच आहे. 1 जानेवारी 1818 ची लढाई याच तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे झाली. त्याच वर्षी पेशवाई संपली व तिचे दप्तर कंपनीच्या हाती गेले. इंग्रजांनी ते जपले ते इतिहासप्रेमाने नव्हे. वसुलीसाठी आणि इनामांच्या तपासणीसाठी त्यांना ते हवे होते. ज्या कचेरीत ते ठेवले तिचे नावच एलिएनेशन ऑफिस. दीर्घकाळ देशी अभ्यासकांना त्यात मोकळा प्रवेश नव्हता. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले निवडक कागदांचे 45 खंड सरकारने 1930 ते 1934 या काळात प्रसिद्ध केले, त्यावरचा सरकारी हक्कही केव्हाच संपला आहे. पण ते कोट्यवधी कागदांतील चिमूटभर. दुसरीकडे राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून घराघरांतील दप्तरे धुंडाळली, 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. अशा संग्रहांना ज्या घराण्यांनी रुमाल दिले, त्यांनी ते संशोधन व्हावे म्हणून दिले. त्या पानावर पुढे टोल बसावा म्हणून नव्हे.

संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे. अनुदान तुटपुंजे, वाळवी मात्र नियमित. छायाचित्रणाचा, कर्मचाऱ्याच्या वेळेचा खर्च अभ्यासकाने द्यावा, यात अन्याय नाही. तो मी आनंदाने देईन. पण एकदा प्रतिमा तयार झाली, की ती दहाव्या माणसाला देण्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि माझ्या वापराने तुमचा वाटा कमी होत नाही. अशा वस्तूवर वापरागणिक कर बसवला की उत्पन्न थोडे येते आणि वापर फार घटतो. तो घटतो कोणाचा? परदेशी विद्यापीठाचा नव्हे. पदरचे पैसे घालून पाचशे प्रती काढणाऱ्या शाळामास्तरांचा.

दुसरी सबब भीतीची आहे, आणि ती पोकळ नाही. 5 जानेवारी 2004 रोजी जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला केला, कारण जेम्स लेन यांच्या पुस्तकात संस्थेतील अभ्यासकांचे आभार मानलेले होते. तेव्हापासून ‘आधी मजकूर दाखवा’ या अटीला शहाणपणाचे रूप आले. माझ्या मते ती आत्मघातकी आहे. जी संस्था मजकूर तपासून संमती देते, ती त्यातील प्रत्येक वाक्याची जामीन होते. जी फक्त कागद दाखवते, तिला जबाबदार धरणाऱ्यास निदान तिच्या सहीचा पुरावा तरी सापडणार नाही.

सरकारी संग्रहांपुरता तर वादच उरू नये. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील नववे कलम स्वामित्वहक्काच्या कारणाने माहिती नाकारू देते ते फक्त तो हक्क राज्याखेरीज दुसऱ्याचा असेल तर. राज्याने स्वतःचा हक्क पुढे करून नागरिकाला अडवू नये, हे संसदेने ठरवून टाकले आहे. साध्या कागदाच्या प्रतीला पानामागे 2 रुपये हा दर त्याच कायद्याखालचा. जुन्या नाजूक पानाच्या छायाचित्राला अधिक खर्च येईल, हे उघड आहे. तो किती, हे दाराशी फलकावर लिहावे.

तुम्ही काय करावे? अर्जातील ‘हक्क’ या शब्दापुढे कोणत्या कलमान्वये, असे लेखी विचारावे. प्रत करण्याचा खर्च पावती घेऊन द्यावा, प्रकाशनशुल्क निषेध नोंदवल्याशिवाय देऊ नये. छायाचित्राखाली संग्रहाचे नाव, दप्तर, रुमाल व कागदाचा क्रमांक मात्र न चुकता छापावा. ते ऋण कायद्याचे नाही, पण पुढच्या अभ्यासकाला तोच कागद काढून आपल्याला खोटे पाडता आले पाहिजे. आणि आपल्या गावातील देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यावर जे रुमाल अजून पडून आहेत, त्यांची छायाचित्रे काढाल तेव्हा एक संच त्या घरी द्या, एक शाळेत ठेवा आणि ‘कोणीही छापावे’ असे घरमालकाच्या सहीने त्याच दिवशी लिहून घ्या.