निरोध वापरला होता, मग हर्पीसची तपासणी कधी?

संबंधाच्या वेळी निरोध वापरलेला असतो, तरी मनातली धास्ती जात नाही. मग दुसऱ्याच दिवशी माणूस गुपचूप एखाद्या लॅबमध्ये जाऊन हर्पीससाठी रक्त देऊन येतो. या घाईतून पैसे जातात, उत्तर मात्र मिळत नाही. गुप्तांगावरचा हर्पीस म्हणजे नागीण नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे उठते. हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू त्वचेला त्वचा लागून पसरतो, फोड दिसत नसतानाही पसरतो, आणि जांघेसारखा भाग निरोधाने झाकला जात नाही. ‘मग निरोधाचा उपयोग काय?’ असे कुणी विचारील. उपयोग मोठा आहे. जोडीदारांपैकी एकालाच या विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराचा (एचएसव्ही-२) संसर्ग असलेल्या जोडप्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोध वापरल्यास दर संबंधामागे पुरुषाकडून स्त्रीला होणारा धोका ९६ टक्क्यांनी आणि स्त्रीकडून पुरुषाला होणारा ६५ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले. धोका उरतो, पण एका सुरक्षित संबंधापुरता तो थोडाच असतो.

आता तपासणीचे. रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, कधी तीन-चार महिनेही. म्हणून आठवड्याभरात आलेला ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट त्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. ‘मनाच्या समाधानासाठी केली तर बिघडले कुठे?’ हा आक्षेप मला समजतो. भीती खरी असते. पण बिघडते ते इथेच. ‘पॉझिटिव्ह’ आला, तर तो बालपणी ओठांवर उठलेल्या पुळ्यांचा, म्हणजे पहिल्या प्रकारच्या विषाणूचा असू शकतो. पन्नाशीच्या आतील जगातल्या सुमारे ६४ टक्के लोकांना त्याचा संसर्ग आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दुसऱ्या प्रकाराच्या चाचणीतही खोटे ‘पॉझिटिव्ह’ इतके येतात, की लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०१६ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये तो कायम ठेवला. अशा एका कागदावरून घरात संशय शिरतो, ठरलेले लग्नही मोडू शकते. आयजीएम नावाची चाचणी तर या कामी भरवशाचीच नाही.

खरे उत्तर फोडात असते. संसर्ग झालाच, तर साधारण दोन ते बारा दिवसांत आग, खाज, पाण्याने भरलेले बारीक फोड दिसू शकतात. फोड ताजा असतानाच डॉक्टरांना दाखवा. त्यातला द्रव घेऊन पीसीआर चाचणी करता येते. असायक्लोविर या औषधाने विषाणू कायमचा जात नाही, पण त्रास आटोक्यात येतो. गरोदर स्त्रीने किंवा तिच्या पतीने हर्पीसची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये, कारण प्रसूतीच्या वेळी बाळाला संसर्ग झाला तर तो जिवावर बेतू शकतो.

एचआयव्ही आणि सिफिलिस यांची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील त्या अंतराने जरूर करावी. निरोध फाटला किंवा निसटला असेल, तर वाट पाहू नका; एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ‘ओळखीचे कुणी पाहील’ ही आपल्या सोलापुरातली अडचण खरी आहे. तरीही इथल्या सिव्हिल रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात जायला संकोच करू नका. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्यानेच घातले आहे. आधी नुसते विचारायचे असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.