पंप गेला, की पाईप?

मैत्रिणींनो, मला भाषणाची सवय नाही. गाडीबद्दल बोल म्हणालात, म्हणून उभी राहिले.

आमच्या बचत गटाचं डिझेल पिकअप २००६ सालचं, जुनंच घेतलेलं. पहाटे भाजी भरून जुन्नर तालुक्यातल्या गावांतून नारायणगावच्या बाजारात न्यायची, हे माझं काम. एका हिवाळ्यात गाडी सकाळी उठेना. सेल्फ मारत राहावं, तेव्हा कशीबशी धडधडायची. एकदा सुरू झाली की दिवसभर त्रास नाही. पण उशिरा पोचलेल्या भाजीला भाव कोण देतो?

गॅरेजमध्ये नेली. चावी माझ्या हातात, आणि गॅरेजवाला विचारतोय माझ्या नवऱ्याला! नवरा बिचारा सायकलवाला. गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, पंप गेला, पंचवीस हजार लागतील. गटाकडे एवढे पैसे नव्हते. बैठकीत एक जण म्हणाली, "विकून टाका, हे बायकांचं काम नाही." गॅरेजवाल्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

गावात एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, "आधी धूर बघ." डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे सेल्फ जोरात फिरायला हवा, आत ऊब हवी आणि डिझेल पोचायला हवं. सेल्फ रडतखडत फिरला तर बॅटरी आणि तिच्या तारा बघायच्या. जोरात फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतोय, पण इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोचतंय, ऊब कमी पडतेय; हीटर प्लग तपासायचे. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारणीला सायलेन्सरमागे उभं केलं. ती ओरडली, "काही नाही गं!" मग फिल्टरवरचा हातपंप दाबला. आधी अगदी मऊ, पंचवीस-तीस वेळा दाबल्यावर कडक झाला. सेल्फ मारला, गाडी लगेच उठली! पंपच गेला असता तर अशी उठली नसती. रात्रीत डिझेल टाकीकडे परत जात होतं आणि पाईपात हवा शिरत होती.

पण खाली डिझेलचा एक थेंब नाही. काका म्हणाले, टाकीपासूनचा पाईप डिझेल ओढतो, त्यामुळे चालू गाडीत चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर बुडबुडेच बुडबुडे. टाकीपाशी क्लिपखालीच रबरी पाईप चिरला होता. नवा पाईप आणि दोन क्लिपा, तीनशे रुपयांच्या आत.

एक सांगायचं राहिलं. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळतो. आणि कुणी एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरायला सांगितलं तर ऐकू नका. हीटर प्लग तापलेले असतात, भडका उडतो.

तो चिरलेला पाईप मी आणलाय, हातोहात फिरवा. क्लिपेचा वळ दिसतो ना, त्याच्या अगदी कडेला बघा, नुसत्या डोळ्यांना चीर दिसत नाही, वाकवावा लागतो. चहा झाला की बाहेर गाडीजवळ या, हातपंप प्रत्येकीनं दाबून बघायचाय.