प्रकाशाची डागणी

डाग देणे हा उपाय आपल्याकडे नवा नाही. पोट दुखो, पाठ धरो, गावातला जाणता माणूस विळा तापवून चरकन डागणी देत असे. सुश्रुतसंहितेत तर 'अग्निकर्म' म्हणून या प्रकाराचा रीतसर विचार केलेला आहे. गावठी डागणीत पुष्कळदा व्हायचे काय, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आज ज्या डागणीविषयी मी बोलणार आहे, ती मात्र नेमक्या जागी बसते. तिला तापलेले लोखंड लागत नाही, प्रकाश लागतो. आणि ती द्यायची जागा म्हणजे, ऐकून दचकू नका, डोळ्याच्या आतला पडदा.

हा विषय शिरोड्याच्या माणसाने का ऐकावा? तर मधुमेहासाठी. आपल्या गावातून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज त्यात आहे, आणि राज्याराज्यांच्या यादीत पहिला क्रमांक गोव्याचा आहे. तेथे प्रौढांमध्ये शेकडा 26 हून जास्त! हा आकडा गोव्याचा, सिंधुदुर्गाचा नव्हे, हे मान्य. पण अलीकडचे नि पलीकडचे जेवण एक, सोयरिकी एक; तेव्हा खाडीच्या पाण्याने हा रोग अडेल असे समजून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही.

आता डोळ्यात काय होते ते पाहू. माडापोफळीची बाग डोळ्यांपुढे आणा. विहिरीचे पाणी पाटाने येते, पाटातून लहान दांडांनी एकेका आळ्यात जाते. डोळ्याच्या मागच्या पडद्याला, ज्याला दृष्टिपटल म्हणतात, अशाच बारीक केशवाहिन्या रक्त पुरवीत असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंती बिघडतात, कोठे पाझरतात, कोठे बुजतात. मग पडद्याचा तो भाग प्राणवायूवाचून तहानतो, आणि तहानलेल्या पेशी हाकाटी सुरू करतात. ही हाकाटी म्हणजे एक प्रथिन. व्हीईजीएफ असे त्याचे जीभ अडखळवणारे नाव आहे. नव्या रक्तवाहिन्या वाढवा, एवढाच त्याचा निरोप. मधुमेही डोळ्यांच्या आतल्या द्रवात ते भरपूर प्रमाणात सापडते, असे 1994 साली दाखवून देण्यात आले.

निरोप पोचतो, नव्या वाहिन्या वाढूही लागतात. तुम्ही म्हणाल, मग छानच झाले! पण नाही. घाईघाईत खणलेला दांड जसा पहिल्याच पाण्याला फुटतो, तशा या वाहिन्या कच्च्या असतात आणि भलत्याच जागी वाढतात. डोळ्याच्या पोकळीत जो पारदर्शक, चिकट काचाभ द्रव असतो त्याच्या अंगाने त्या पसरतात आणि एक दिवस फुटतात. माणसाला नजरेपुढे काळे धागे, कोळिष्टके तरंगताना दिसतात, कधी लाल पडदाच उतरतो. त्यांच्याबरोबर वाढणारे तंतू आखडले तर दृष्टिपटल ओढून जागचे सोडवितात. आणि यातली दुष्ट गोष्ट अशी की, हे होईपर्यंत डोळा दुखत नाही आणि पुष्कळदा दिसतेही स्वच्छ.

येथे प्रकाश उपयोगी पडतो, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. 1945 च्या जुलैत जर्मनीत सूर्यग्रहण दिसले. एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने ते उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि त्याच्या दृष्टिपटलावर भाजल्याचा डाग उमटला. हॅम्बुर्ग येथील तरुण नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्या तो पाहण्यात आला. दुसऱ्या कोणी हळहळून सोडून दिले असते. यांच्या मनात आले, अपघाताने जो डाग पडला तोच हिशेबाने पाडला तर? फाटू लागलेले दृष्टिपटल त्याने जागच्या जागी चिकटविता नाही का येणार? त्यांनी आरशांची जुळणी करून खुद्द सूर्यप्रकाशच रोग्याच्या डोळ्यात आणला, आणि 1949 साली असे उपचार केले. हॅम्बुर्गचे आकाश मात्र आपल्या आषाढातल्या आकाशासारखे बेभरवशाचे! ढग आला की उपचार थांबला. म्हणून पुढे त्यांनी कार्बनचा प्रखर दिवा वापरला आणि नंतर झाइस कंपनीच्या साहाय्याने झेनॉन वायूचा दिवा तयार झाला. 1960 साली लेसर किरण निघाले, आणि केसाच्या टोकासारखी नेमकी डागणी हाती आली.

मधुमेही डोळ्याला ही डागणी देतात ती वाहिन्यांवर नव्हे, हे ध्यानात घ्या. दृष्टिपटलाचा मधला, अक्षर वाचण्याचा भाग सोडून कडेच्या भागात हजार-दीड हजार बारीक ठिपके भाजतात. बागेला पाणी पुरेनासे झाले, तर शहाणा बागाईतदार कडेची काही झाडे काढतो आणि उरलेल्यांना ते पाणी पुरवितो, तसेच हे. दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी प्राणवायूच्या मोठ्या गिऱ्हाईक. त्यातल्या काही कमी झाल्या की मागणी घटते, मागल्या थरातून प्राणवायू आत झिरपतो, हाकाटी थांबते आणि नव्या वाहिन्या सुकतात. अमेरिकेत सतराशेहून अधिक रोग्यांवर याची परीक्षा झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार, दुसरा तसाच. 1976 साली निष्कर्ष आला: दृष्टी पार जाण्याचा धोका उपचाराने निम्म्याहूनही खाली आला होता. तेव्हा राहिलेल्या डोळ्यांनाही, जेथे धोका मोठा होता तेथे, उपचार देण्याचे ठरले.

उलट अंगाचीही एक बाजू आहे आणि तिच्याविषयी हल्ली फार बोलले जाते. प्रखर प्रकाश वाहिन्यांना आवरतो, तर सौम्य तांबडा प्रकाश त्यांना वाढवितो काय? बुडापेस्टचे डॉ. एंद्रे मेस्टर यांनी 1967 च्या सुमारास उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर सौम्य लेसर सोडला, तेव्हा केस लवकर उगवले. मग जखमांवर प्रयोग झाले. तांबडा आणि त्याच्या अलीकडचा अदृश्य, अवरक्त प्रकाश पेशींच्या ऊर्जा निर्माण करणाऱ्या यंत्रणेला चालना देतो, वाहिन्या रुंदावणारा नायट्रिक ऑक्साइड मोकळा करतो आणि योग्य मात्रेत वाहिन्यांच्या पेशींची वाढही करतो, असे प्रयोगशाळेत दिसते. मात्रा जास्त झाली की परिणाम उलटतो. मधुमेहाच्या पायावरच्या न भरणाऱ्या जखमांवरही लहान लहान चाचण्या झाल्या आणि काहींचे निकाल आशादायक आहेत. पण दृष्टिपटलाच्या लेसरइतका भक्कम पुरावा येथे नाही. म्हणून जाहिरात पाहून तांबडा दिवा मागवावा आणि घरच्या घरी पायाला लावीत बसावे, हे मला पटत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेला असतो. दिवा तापणारा निघाला तर भाजलेलेही कळत नाही, आणि दरम्यान जखम आत चरत जाते. जखम स्वच्छ करणे, पायावरचा भार काढणे, साखर आवरणे आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणे ही कामे आधीची.

पुन्हा डोळ्याकडे वळतो. लेसरने गेलेली दृष्टी परत येत नाही. राहिलेली राखली जाते. त्याबद्दल थोडी किंमतही द्यावी लागते: कडेचे दिसणे आणि अंधारातले दिसणे काहीसे कमी होते. अलीकडे व्हीईजीएफला अडविणारी इंजेक्शनेही डोळ्यात देतात आणि ती गुणकारी आहेत. मात्र ती पुनःपुन्हा घ्यावी लागतात. कोणी मध्येच सोडली, तर वाहिन्या दुप्पट जोराने उठू शकतात. बागाईत, होडी किंवा मुंबईचे मूल सांभाळून दवाखान्याच्या खेपा घालणाऱ्या माणसाला दर खेपेला जमेलच असे नाही. ही अडचण डॉक्टरांना अगोदर सांगा, संकोच करू नका. औषध निवडताना तिचा विचार करावाच लागतो.

जाता जाता आणखी एक. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातही अशाच वाहिन्या वाढतात. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावे लागतात. बारशाच्या गडबडीत ही तारीख चुकते.

मधुमेह झालेला कळला की त्याच वेळी, आणि पुढे दरसाल, बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यायचे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. 'पडदा पाहायचा आहे' असे स्पष्ट सांगा. जवळच्या डॉक्टरांना विचारा, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला जायचे तर आधी फोन करून नेत्रविभागाचा दिवस नि लेसरची सोय यांची चौकशी करा. साखरेचे जुने कागद बरोबर असू द्या. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा स्वतः गाडी चालवीत जाऊ नका, काळा चष्मा न्या, आणि परतीच्या एस.टी.ची पाटी वाचायला घरातले कोणीतरी सोबत घ्या.