उपचारानंतर घरी आल्यावर
(सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानातून)

१९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, हे आता आपल्याला पटतं. पण माणूस उपचार घेऊन घरी आला की आपण समजतो, झालं काम!

पुन्हा पिणं ग्लास हातात येण्याच्या बरंच आधी सुरू होतं. मीटिंगला दांडी, जुन्या मित्राचा फोन, उगाच चिडचिड. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसवाले चार गोष्टी जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, एवढं घरच्यांना जमतंच की.

खिसे तपासून, तोंडाचा वास घेऊन मात्र माणूस एकटा पडतो. आणि चहातून गुपचूप गोळी? अजिबात नको. डायसल्फिरॅम घेतलेल्याच्या पोटात दारू गेली तर जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनी, त्याला सांगूनच द्यायची.

आता आपण शेजारी. गच्चीवरच्या थर्टीफर्स्टला ‘एकानं काय होतंय?’ म्हणणारे आपल्यातलेच असतात. यंदा ती पार्टी बिनदारूची करून बघा, आणि वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे द्या. तरीही पाय घसरलाच, तर जिन्यात कुजबुज नको. त्याच दिवशी त्याच्या समुपदेशकाला फोन लावा.