कंपनाचे निदान



या स्मृतिव्याख्यानासाठी मला निमंत्रित केल्याबद्दल मी शाळेच्या चालकांचा ऋणी आहे. मोटारीच्या इंजिनाची थरथर हा विषय अशा व्यासपीठावर काहीसा अपरिचित वाटेल. परंतु आपले हुमनाबाद पुणे-हैदराबाद महामार्गावर वसले आहे आणि शाळा अर्ध्यावर सोडलेली मुले या रस्त्यालगतच्या गॅरेजांत राबताना आपण पाहतो. त्यांचा विचार मनात ठेवूनच मी हा विषय निवडला आहे.

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक चाचणी झाली. सुमारे ६२० मैलांच्या या घाटवाटांच्या परीक्षेत 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची रोल्स-रॉइस यशस्वी ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. आपला हा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील निजामाची १९१२ची पिवळी रोल्स-रॉइसही प्रसिद्ध आहे. राजेरजवाड्यांना या गाडीची भुरळ पडली ती केवळ तिच्या डौलामुळे नव्हे. तिचे इंजिन विलक्षण शांत चाले. ही शांतता कशी साधली, हे समजून घेण्याजोगे आहे.

दट्ट्या वरच्या टोकाला असताना त्याच्या गतीत होणारा बदल खालच्या टोकापेक्षा अधिक तीव्र असतो. त्यामुळे चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन दट्टे वर व दोन खाली असले, तरी त्यांचे जोर एकमेकांना पुरते छेदत नाहीत. प्रत्येक फेऱ्यात दोनदा हादरा उरतोच. एका ओळीतील सहा सिलिंडरांत मात्र हे जोर आपोआप समतोल होतात. म्हणूनच श्रीमंती गाड्यांचे निर्माते सहा सिलिंडरांकडे वळले.

तेथे नवेच संकट उभे राहिले. सहा सिलिंडरांसाठी क्रँकशाफ्ट लांब लागतो आणि लांब दांडा पिळला जातो. प्रत्येक स्फोटाबरोबर तो किंचित पिळतो व पुन्हा सुटतो. समजा, त्याची स्वाभाविक आंदोलने सेकंदाला ६०, म्हणजे मिनिटाला ३,६०० आहेत. इंजिनाच्या एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. तेव्हा मिनिटाला १,२०० फेरे होताच दोन्हींचा मेळ बसतो आणि झोपाळ्याला योग्य क्षणी झोका मिळावा तसा पीळ वाढत जातो. रोल्स-रॉइसच्या १९०५-०६मधील ३० अश्वशक्तीच्या गाड्यांत क्रँकशाफ्ट मोडण्याचे प्रकार घडले ते यामुळेच.

हेन्री रॉइस यांनी केवळ मोडलेला दांडा बदलला नाही, मोडण्याचे कारण शोधले. १९०६च्या नव्या गाडीत त्यांनी दोनदोनच्या तीन जोड्यांऐवजी तीनतीन सिलिंडरांचे दोन संच केले, क्रँकशाफ्ट जाड केला आणि त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला. दांड्याच्या पुढच्या मोकळ्या टोकाला पीळ सर्वाधिक असतो. तेथे घर्षणाने घसरणारे लहानसे चाक बसवले, की पिळाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी हेच कार्य तेलाच्या चिकटपणाकडून करवून घेतले व १९१०मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे १९३१च्या सुमारास अमेरिकेत इंजिन रबरी आधारांवर बसवण्याची पद्धत रूढ झाली. रबर प्रवाशाला हादऱ्यापासून वाचवते, पिळणाऱ्या दांड्याला नव्हे.

निदानाची रीत आजही तीच आहे. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढवावा. थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिनाकडे. केवळ धावतानाच जाणवली, तर चाकांकडे वा मागच्या शाफ्टकडे पाहावे. एकेका सिलिंडरची ठिणगी क्रमाने बंद करावी. जी बंद करूनही इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करीत नव्हता. थरथर एका ठरावीक वेगालाच येऊन पुढे ओसरत असेल, तर पिळाची किंवा आधाराची शंका घ्यावी. इंजिन उघडलेच, तर सर्व दट्टे तराजूत घालून त्यांची वजने जुळवावीत.

रॉइस यांचे शालेय शिक्षण अत्यल्प होते. गरिबीमुळे त्यांना लहानपणी वर्तमानपत्रे विकावी लागली, रेल्वेच्या कारखान्यातील उमेदवारीही अपुरी राहिली. परंतु त्यांनी हाताला मोजमापाची जोड दिली. आपल्या गॅरेजातील मुलगा पान्याचे टोक इंजिनाला व दुसरे कानाला लावून दोष ओळखतो. त्याच्या कानात ज्ञान आहे. उणीव आहे ती मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची. ती भरून काढणे हे शाळेचे काम आहे. मराठी, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत त्याला एक वही द्यावी. इंजिनाचा वेग, थरथरीची जागा आणि केलेला उपाय त्याने रोज तीत नोंदवावा. आठवड्यातून एक संध्याकाळ आपली प्रयोगशाळा त्याच्यासाठी उघडी ठेवावी. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर याला फार मोठा निधी लागणार नाही.